घटपर्णी घरातल्या काचेच्या टाकीत कशी वाढवायची

घटपर्णी म्हणजे नेपेन्थिस, पानाच्या टोकाला लटकणाऱ्या घटात किडे पकडून पचवणारं झाड. ते घरी आणलं की बहुतेकांचा अनुभव सारखाच असतो. पहिले पंधरा-वीस दिवस झकास, मग एकेक घट झाकणाकडून तपकिरी होत वाळायला लागतो, नवीन पानं येत राहतात पण त्यांच्या टोकाला घट काही धरत नाही. मग लोक घाबरून त्याला माश्या पकडून घालतात, शेणखत घालतात, दिवसातून चारदा स्प्रे मारतात आणि झाड अजून खंगतं. तर आधी हे डोक्यात पक्कं बसवा की घट हे फूल नाही न् फळही नाही, तो पानाचाच भाग आहे. पान तब्येतीत वाढलं की घट येतो. आणि पानाला काय हवं तर भरपूर उजेड, क्षार नसलेलं पाणी, आणि रात्री त्या त्या जातीला मानवेल तेवढीच गरमी. किड्यांचा नंबर यानंतर लागतो, फार नंतर.

टाकी घ्यायच्या आधी एक काम करा, एक साधा डिजिटल थर्मामीटर आणून ज्या खोलीत टाकी ठेवणार तिथे आठवडाभर ठेवा आणि पहाटेचं तापमान बघा. कारण नेपेन्थिसच्या दीडशेहून जास्त जाती आहेत, बोर्निओ, सुमात्रा, फिलिपिन्स ही त्यांची मुख्य घरं, आणि त्यातल्या काही समुद्रसपाटीच्या दलदलीत वाढतात तर काही २००० मीटरच्या वर ढगांमध्ये. साधारण १००० मीटरच्या खालच्यांना लोलँड म्हणतात, वरच्यांना हायलँड. हायलँडवाल्यांना रात्री १० ते १५ अंश हवेत, ते आपल्याकडे एसी लावूनसुद्धा जमत नाही, त्यासाठी टाकीला वेगळं कूलिंग बसवावं लागतं आणि तो खर्चिक प्रकार आहे, सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊच नका. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, गोवा इकडे थंडीचे दिवस सोडले तर रात्री फारसं गार होत नाही म्हणून तिथे सरळ लोलँड जाती घ्या. पुणे, नाशिक, कोल्हापूर इकडे मधल्या जाती आणि हायब्रिड म्हणजे दोन जातींचे संकर मस्त चालतात, फक्त एप्रिल-मे मध्ये टाकी घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात पाहिजे. नागपूर-चंद्रपूरकडच्यांनी उन्हाळ्यात कूलर किंवा एसी असलेली खोली धरूनच चालायचं, त्याला इलाज नाही.

आता जात कुठली घ्यायची. माझं मत विचाराल तर पहिलं झाड व्हेंट्राटा, हा व्हेंट्रिकोसा आणि अलाटा यांचा हायब्रिड समजला जातो, नर्सरीत लटकत्या कुंडीत मिळतो तो बहुतेक हाच. चिवट आहे, चूकभूल माफ करतो, पण वेल उंच जातो म्हणून टाकीत छाटत राहावं लागतं. टाकीत शोभणारं खरं झाड म्हणजे ॲम्प्युलारिया, याचे घट गोल, बुटके, बुडाशी झुबक्याने येतात आणि मॉसमध्ये म्हणजे शेवाळात अर्धे रुतून बसतात, आणि त्याचं झाकण मागे उलटलेलं असतं कारण ते जंगलात वरून पडणारा पालापाचोळाही घटात झेलून त्यावर जगतं. मुंबईकरांनी डोळे झाकून हे घ्यावं. बेली म्हणून फिलिपिन्सची एक लहान जात आहे तीही टाकीला फार छान, मिळाली तर. मिरांडासारखे मोठे हायब्रिड दुकानात देखणे दिसतात पण टाकीत मावत नाहीत, ते बाल्कनीत लटकवायचे. आणि साराशिनिया किंवा व्हीनस फ्लायट्रॅप ही किडे खाणारी दुसरी झाडं या टाकीत अजिबात नको, त्यांना कडक ऊन लागतं आणि थंडीतली विश्रांती लागते, बारा महिने उबदार दमट टाकीत ती हळूहळू संपतात.

आपल्या देशात नेपेन्थिसची एकच जात आहे, खासियाना, मेघालयातल्या गारो, खासी आणि जयंतिया टेकड्यांमधली. ती धोक्यात आहे, वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे तिला आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साईट्स करारात ती परिशिष्ट १ मध्ये आहे. त्यामुळे कोणी "डोंगरातून आणलंय, ओरिजिनल आहे" म्हणून विकत असेल तर तिथून उठून चालू पडा. झाड कुठलंही असो, टिश्यू कल्चरचं म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेलं किंवा नर्सरीत कटिंगवर वाढवलेलं घ्यायचं आणि विकणाऱ्याला तसं स्पष्ट विचारायचं. जंगलातून उपटलेलं झाड तसंही टाकीत जगत नाही, मुळं तुटलेली असतात.

टाकी. जुनी माशांची टाकी असेल तर तीच वापरा, वरच्या भागात गळत असली तरी चालेल कारण आपण ती पाण्याने भरणार नाही, फक्त तळाशी चार-पाच बोटं पाणी धरलं पाहिजे. उंची मात्र किमान दीड फूट, दोन फूट असेल तर उत्तम, कारण तळाचा थर, कुंडी, झाड आणि वर लाईटपासूनचं अंतर हे सगळं त्यात बसवायचंय. बंद बरणीतलं टेरेरियम इथे चालत नाही. काचेत झाड बंद करून वाढवायची कल्पना लंडनच्या नॅथनिएल वॉर्ड या डॉक्टरांना १८२९ साली सुचली, त्यांच्या बाटलीत आपोआप उगवलेलं नेचं होतं, आणि नेच्याला ते मानवतंही. घटपर्णीला दमट हवा पाहिजे पण ती हलती पाहिजे, बंद बरणीत दोन आठवड्यांत घटांवर पांढरी बुरशी धरते. म्हणून वर काचेचं किंवा ॲक्रेलिकचं झाकण ठेवा पण एका बाजूला दोन बोटांची फट सोडा.

तळाला चार-पाच सेंटीमीटर लेका (LECA) बॉल, म्हणजे भाजलेल्या मातीचे ते हलके गोळे, ते घाला. माशांच्या दुकानातली पांढरी खडी घालायची असेल तर आधी तिच्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका किंवा लिंबू पिळा, बुडबुडे आले तर ती संगमरवरी किंवा चुनखडीची आहे, ती पाण्यात क्षार सोडत राहणार, अशी खडी नको. शंख-शिंपलेही नकोत, कितीही सुंदर दिसले तरी. बॉलवर नायलॉनची मच्छरजाळी कापून अंथरा म्हणजे वरचं मॉस खाली उतरत नाही. आणि मागच्या एका कोपऱ्यात अर्धा-पाऊण इंची पीव्हीसी पाईपचा तुकडा उभा ठेवा, तळापासून वरपर्यंत, खालच्या टोकाला दोन-तीन खाचा मारून. हा पाईप फार कामाचा आहे, टॉर्च मारून आत बघितलं की तळाशी पाणी किती साचलंय ते कळतं आणि जास्त झालं की सलाईनची नळी आत घालून ओढून काढता येतं. हा नसेल तर पुढे पाणी सडल्यावर सगळी टाकी उपसावी लागते.

आता झाड लावायचं कशात. साधी माती, गांडूळखत, कंपोस्ट, नर्सरीचं पॉटिंग मिक्स यातलं काहीही नाही. ही झाडं मुळात निकस जागेची आहेत. ज्यांनी पावसाळा संपता संपता साताऱ्याचं कास पठार बघितलंय त्यांना हे लगेच पटेल, जांभ्या दगडावर बोटभर मातीचा थर, त्यातलं सगळं सत्त्व पावसाने धुऊन गेलेलं, आणि नेमकी तिथेच दवबिंदू म्हणजे ड्रोसेरा आणि निळी-जांभळी सीतेची आसवं म्हणजे युट्रिक्युलेरिया पसरलेली असतात, दोन्ही किडे खाणारी. मुळांना जमिनीतून नायट्रोजन मिळत नाही म्हणून पानांनी ही सोय केलेली आहे. घटपर्णीचंही तेच, तिची मुळं बारीक आणि नाजूक असतात, खताचा क्षार त्यांना जाळून टाकतो. (तिथली झाडं बघायची, फोटो काढायचे, पण उचलून आणायची नाहीत हे वेगळं सांगायला नको.)

मिश्रण असं करा, लांब धाग्याचं वाळलेलं स्फॅग्नम मॉस दोन भाग, परलाईट म्हणजे ते पांढरे हलके दाणे एक भाग, ऑर्किडसाठी मिळते ती पाईनची साल एक भाग. सालीऐवजी लाकडी कोळशाचे चण्याएवढे तुकडे चालतील. मॉस आधी अर्धा तास आरओच्या पाण्यात भिजवा आणि मुठीत दाबून बघा, दोन-चार थेंब पडले पाहिजेत, धार लागली तर अजून पिळा. कोकोपीट स्वस्त मिळतं म्हणून वापरायचा मोह होतो पण त्यात बहुतेक वेळा मीठ असतं, आणि ते कितीही धुतलं तरी मला त्याचा भरवसा वाटत नाही.

झाड थेट टाकीत रोवू नका, जाळीच्या प्लास्टिक कुंडीत लावा आणि ती कुंडी टाकीत ठेवून आजूबाजूने मॉस भरून झाका. दिसायला टाकीत लावल्यासारखंच दिसतं, पण उद्या कीड लागली, झाड मोठं झालं, जागा बदलावीशी वाटली तर कुंडी अलगद वर उचलता येते. कुंडीचं बूड तळाच्या पाण्यात बुडता कामा नये, हे बघा. नर्सरीच्या कुंडीतून झाड काढताना मुळं काळी दिसतील, काळी आणि केसासारखी. ती कुजलेली नाहीत, नेपेन्थिसची मुळं काळीच असतात! कित्येक जण ती कुजली समजून कात्रीने साफ करतात आणि चांगलं झाड घालवतात. कुजलेलं मूळ बोटात धरलं की पिचपिचीत लागतं आणि वास येतो, निरोगी काळं मूळ ताठ असतं. शक्यतो मुळांना हात न लावता जुन्या मॉसच्या गोळ्यासकट झाड नव्या कुंडीत सरकवा, पण जुनी कुंडी मातीची किंवा कोकोपीटची असेल तर मात्र आरओच्या पाण्यात बुडवून हलक्या हाताने सगळं सोडवून घ्या.

पाण्याबाबतीत तडजोड नाही. टीडीएस मीटर घ्या, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, पेनासारखा असतो, दोन-तीनशे रुपयांपर्यंत मिळतो. ५० पीपीएमच्या खाली पाहिजे. घरात आरओ आहे म्हणजे काम झालं असं समजू नका, आजकालच्या बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडे क्षार परत मिसळतात आणि बाहेर येणारं पाणी १०० च्या वर असू शकतं, म्हणून मोजूनच बघा. पाणी उकळून सगळे क्षार जात नाहीत, पाणी आटलं की उरलेले उलट दाट होतात. बोअरचं किंवा टँकरचं पाणी तर लांबच ठेवा. सगळ्यात भारी म्हणजे पावसाचं पाणी, जूनमधल्या पहिल्या दोन-चार सरींनी धूळ धुऊन जाऊ द्यायची आणि मग स्वच्छ बादलीत थेट आभाळाखाली धरायचं, पत्र्यावरून ओघळलेलं नको, आणि डासांसाठी कॅनला घट्ट झाकण लावून ठेवायचं. पाणी वरून घालायचं, मॉसचा वरचा थर हाताला जेमतेम ओलसर लागायला लागला की. टाकीत बाष्पीभवन कमी असतं त्यामुळे आठवड्यातून एक-दोनदा पुरतं, बाल्कनीतल्या झाडांच्या सवयीने रोज घालाल तर बूड कुजेल.

लाईटवर मात्र सढळ हाताने खर्च करा. खिडकीतला उजेड आपल्या डोळ्यांना पुरेसा वाटतो पण घट धरायला तो बहुतेक घरांत कमी पडतो, आणि टाकी थेट उन्हात ठेवली तर काचेत आतलं तापमान तासाभरात इतकं चढतं की झाड शिजतं. म्हणून टाकी उन्हापासून लांब आणि वर पांढरे एलईडी, ६५०० केल्विन लिहिलेले, झाडाच्या शेंड्यापासून २० ते ३० सेंटीमीटरवर, टायमर लावून रोज १२ ते १४ तास. जांभळ्या ग्रो-लाईटची गरज नाही, त्यात झाड कसं आहे तेच दिसत नाही. फोनवर लक्स म्हणजे उजेड मोजायचं ॲप असतं त्यात पानाच्या पातळीला १०,००० च्या आसपास आकडा दिसला की ठीक. पण खरं मीटर म्हणजे झाडच. पानांवर हलकी तांबूस झाक आली तर उजेड बरोबर आहे, पानं लांबट, गर्द हिरवी, लुळी आणि घट नाहीत तर उजेड कमी, पानं लालभडक होऊन आखूड झाली तर लाईट थोडा वर घ्या.

हवा खेळती ठेवायला कॉम्प्युटरचा छोटा फॅन, यूएसबीवर चालणारा, झाकणाच्या फटीजवळ बसवा आणि तो झाडावर थेट झोत न मारता काचेवर मारेल असा वळवा. ह्युमिडिटी ६० ते ८० टक्के खूप झाली, १०० करायच्या मागे लागू नका. सकाळी काचेवर थोडं धुकं आणि दुपारपर्यंत ते गेलेलं, असं असेल तर टाकी नीट चाललीये.

सोबतची झाडं निवडताना एकच अट, त्यांना खत लागता कामा नये आणि ती घटपर्णीवर चढता कामा नयेत. जिवंत मॉस, लहान नेचे, सेलाजिनेला, ज्वेल ऑर्किड, छोट्या जातीचे बिगोनिया चालतात. युट्रिक्युलेरियाच्या लिविडा किंवा सॅन्डरसोनी या जाती ओल्या मॉसमध्ये पसरतात आणि वर इवली फुलं धरतात, माझ्या मते याच्याहून चांगली जोडी नाही. फायकस प्युमिला ही बारीक पानांची वेल मात्र लावू नका, सहा महिन्यांत ती सगळी टाकी गिळते. लाकूड ठेवायचं तर मत्स्यालयाचं ड्रिफ्टवुड, आधी उकळून. सगळं लावून झालं की टाकी एक-दोन आठवडे तशीच चालू द्या आणि मगच घटपर्णीची कुंडी आत ठेवा, म्हणजे सुरुवातीची बुरशी येऊन निघून गेलेली असते.

नवं झाड आलं की त्याचे जुने घट वाळणार. हे होतंच, वातावरण बदललं की झाड आधी घट सोडून देतं. कुरिअरमध्ये घट आडवा होऊन आतला रस सांडला असेल तर तळाशी थोडं डिस्टिल्ड वॉटर घाला, एक तृतीयांशापर्यंत, बाकी कधी घटात पाणी ओतायचं नाही, झाड आपला रस आपण तयार करतं. वाळलेला भाग तेवढाच कापा, पान हिरवं आहे तोवर ते ठेवा. खरी परीक्षा नव्या पानाची. पान उलगडलं की त्याच्या मधल्या शिरेचा धागा टोकाबाहेर लांबतो, त्या धाग्याच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा फुगवटा असतो, तपकिरी लव असलेला. तो कितीतरी दिवस तसाच बसून राहतो आणि मग धागा वरच्या दिशेला वळतो, फुगवटा चपटा होतो, शेंगेएवढा होतो, आणि एके दिवशी हवा भरल्यासारखा फुगतो. अजून झाकण चिकटलेलं असतं पण आत रस आलेला असतो. मग झाकण उघडतं, आणि त्यानंतर दोन-चार दिवसांत तोंडाची कड बाहेर वळून तिच्यावर रेघा उमटतात, रंग चढतो. ही कड ओली झाली की कमालीची निसरडी होते, मुंगीचे पाय टिकत नाहीत. फुगवटा दाण्याएवढाच राहून काळा पडला तर समजा हवा कोरडी होती किंवा उजेड कमी होता, पुढच्या पानाला सुधारणा दिसेल. नवा घट यायला दोन-तीन महिने लागू शकतात, तेवढा धीर धरायचा, आणि या काळात रोज जागा बदलायची नाही.

खायला घालायचंच असेल तर घट उघडून आठवडा झाल्यावर. माशांच्या दुकानात सुकवलेले ब्लडवर्म, म्हणजे माशांना घालायच्या अळ्या, मिळतात, चिमूटभर पाण्यात भिजवून चिमट्याने एका-दोन घटांत, महिन्यातून एकदा. मेलेली मुंगी, छोटं झुरळसुद्धा चालेल पण किटकनाशक मारून मेलेलं नको. चिकन, पनीर, अंडं असलं काही घालू नका, ते सडतं आणि घट काळा पडतो. सगळ्या घटांना भरवायची गरज नाही, एका घटाने पचवलेलं सगळ्या झाडाला मिळतं.

कीड म्हणाल तर पिठ्या ढेकूण सगळ्यात त्रासदायक, पानाच्या बेचक्यात कापसासारखा दिसतो, कापसाच्या काडीला सर्जिकल स्पिरिट लावून एकेक टिपून काढा आणि पुढचे तीन-चार आठवडे बघत राहा कारण अंडी राहतात. नवीन पानं वेडीवाकडी, सुरकुतलेली येत असतील तर फुलकिडे असू शकतात, भिंगातून शेंडा तपासा. कुठलंही औषध फवारायची वेळ आली तर कुंडी टाकीबाहेर काढा, घटांची तोंडं कापसाने बंद करा, आणि दोन दिवसांनी परत ठेवा.

वर्ष-दीड वर्षात झाड वेलासारखं चढायला लागेल, दोन पानांमधलं अंतर वाढेल, आणि वरच्या पानांना घट येणं कमी होईल किंवा ते निमुळते, वेगळ्याच आकाराचे येतील. मग शेंडा छाटायचा. स्वच्छ ब्लेडने, दोन-तीन पेरं असलेले तुकडे करायचे, प्रत्येक पान अर्धं कापून टाकायचं म्हणजे पाणी कमी उडतं, खालचं टोक तिरकं कापून ओल्या स्फॅग्नमच्या पुरचुंडीत बांधायचं आणि छोट्या कुंडीत उभं करून टाकीतच सावलीच्या बाजूला ठेवायचं. मुळं यायला एक-दोन महिने लागतात, मध्येच उपटून बघू नका, बेचक्यातून नवा कोंब फुटला आणि त्याचं पहिलं पान उलगडलं की मुळं धरली असं समजायचं. इकडे मूळ झाडालाही छाटलेल्या जागेखालून आणि बुडातून नवे फुटवे येतात, आणि टाकीत बघायला मिळणारे सगळ्यात सुंदर, गुबगुबीत घट त्या बुडातल्या फुटव्यांनाच येतात, म्हणून बुडाशी उजेड पोचेल एवढी आजूबाजूची झाडं छाटून ठेवा.